वूक: देशद्रोह्याचं नाव पोराला कोण ठेवतं?

शेवग्याची शेंग
मंडळी, एक किडा बरेच दिवस डोक्यात वळवळतोय म्हणून धागा काढतेय.

सर्बियात मुलाचं नाव 'वूक' ठेवतात. अर्थ सरळ आहे, लांडगा. टोपणनाव नव्हे हां, रीतसर ठेवलेलं नाव. आणि जुनाट म्हणून अडगळीतही गेलेलं नाही, आजही हौसेनं ठेवतात. लांडग्याचं मला फारसं नवल नाही, आपल्याकडे वाघोजी झाले, नागोजी झाले. कोडं पडलंय ते निराळंच.

१३८९ मध्ये कोसोवोच्या लढाईत सर्बांचा राजा लाझार तुर्कांशी लढताना मारला गेला. सुलतान मुरादही त्याच दिवशी गेला. सर्बांच्या मनात या लढाईची जागा आपल्या पानिपतासारखी आहे. लोकगीतांनी पराभवाचं खापर ज्याच्या डोक्यावर फोडलं तो लाझारचा जावई, वूक ब्रांकोविच. ऐन लढाईत आपली फौज घेऊन सटकला म्हणे. गीतांमध्ये त्याला, त्याला जन्म देणाऱ्यांना आणि त्याच्या अख्ख्या कुळाला शिव्याशाप आहेत.

एवढं झाल्यावर हे नाव लोकांनी टाकून कसं दिलं नाही? आपल्याकडे कोणी शकुनी ठेवतं का? बिभीषण ठेवतं का? जाणकारांनी प्रकाश पाडावा.

साशंक
मी पयला! आता वाचतो.

ठोकळा
शाळेत बाई हजेरी घेताना काय म्हणत असतील? "लांडगा आला का?" आणि मागच्या बाकावरून कोरसमध्ये "आला रे आला!"

बालाघाटी
बिभीषण ठेवत नाहीत? शेंगताई, तुम्ही बीड-लातूर-धाराशिवकडे कधी फिरकलेल्या दिसत नाही. आमच्याकडे ढिगानं बिभीषण आहेत. मला कबड्डीत पट काढायला शिकवला तो एका बिभीषणमामांनीच. घर फोडलं तरी शेवटी रामाच्या बाजूनं गेला ना, मग झालं तर.

शकुनी मात्र सापडणार नाही, ते मान्य.

दौत
शेंगताईंनी प्रश्न चांगला विचारलाय, पण 'देशद्रोही' हा शब्द फार लवकर वापरला. जरा तपशिलात जाऊ.

लढाईत लाझार पडला, वूक ब्रांकोविच जिवंत राहिला. त्याच्याविरुद्धचा मूळ मुद्दा हाच. पुढे काय झालं ते बघा. लाझारची विधवा मिलित्सा आणि अल्पवयीन मुलगा स्तेफान यांनी तुर्कांचं मांडलिकत्व पत्करलं. लाझारची मुलगी ओलिवेरा नव्या सुलतानाच्या, म्हणजे बायेझिदच्या जनानखान्यात गेली. स्तेफाननं १३९६ च्या निकोपोलिसच्या लढाईत बायेझिदच्या बाजूनं, ख्रिस्ती फौजांविरुद्ध तलवार गाजवली. आज तोच स्तेफान सर्बांचा आदर्श राजा आहे, चर्चनं त्याला संतपदही दिलंय.

आणि आपला 'गद्दार' वूक? तो तुर्कांपुढे लगेच झुकला नाही. १३९२ मध्ये स्कोप्ये हातचं गेल्यावर नाइलाजानं मांडलिक झाला, तेही मनापासून नाही. १३९६ मध्ये बायेझिदनं त्याचा मुलूख काढून घेतला आणि १३९७ मध्ये तो तुर्कांच्या कैदेत मेला.

सुलतानाला फितूर झालेला माणूस सुलतानाच्याच कैदेत मरतो, हे जरा विचित्र नाही वाटत?

फितुरीसाठी वूक ब्रांकोविचचं नाव छापील पुस्तकात पहिल्यांदा आलं ते १६०१ मध्ये, दुब्रोवनिकच्या माव्रो ओर्बिनी या धर्मगुरूच्या ग्रंथात. लढाई होऊन दोनशे बारा वर्षं उलटल्यावर! एवढा मोठा पराभव आपल्याच कमकुवतपणामुळे झाला हे पचवण्यापेक्षा एक घरभेद्या शोधणं सोपं असतं. पुढे गुस्ले नावाचं एकतारी वाद्य मांडीवर घेऊन गाणाऱ्यांनी ती गोष्ट घरोघरी पोचवली.

हरभऱ्याचं झाड
दौतराव, दंडवत. वाचनखूण साठवली.

गडकरी नव्हे
दौत यांच्या प्रतिसादावरून आठवलं. शकुनी-बिभीषण कशाला हवेत, आपल्याकडे नेमकं उदाहरण आहे. १६८९ मध्ये रायगड पडला त्याचं खापर सूर्याजी पिसाळावर फुटलं आणि 'सूर्याजी पिसाळ' म्हणजे फितूर हे समीकरणच झालं. त्यातलं खरं किती यावर वाद आहेतच. पण सिंहगडावर तानाजी पडल्यावर पळणाऱ्या मावळ्यांना आवरून गड घेणारा कोण? सूर्याजी मालुसरे! नाव एकच. एकाला शिवी, एकाला मुजरा. शिवी देताना आपण 'सूर्याजी' एवढंच म्हणत नाही, 'पिसाळ' जोडतोच. सर्बियातही असंच काही असेल का?

टेनिसवेडा
मला वाटलं धागा नोवाक जोकोविचवर आहे. नोवाक पण पारंपरिक नाव आहे ना? २४ ग्रँडस्लॅमवाल्याला सोडून लांडगा कशाला?

ठोकळा
@टेनिसवेडा, नोवाकचा धागा तुम्ही काढा, आम्ही तिथे फेडररचे चाहते घेऊन येतो.

व्हिएन्नाकर मावशी
आमच्या भागात, ओट्टाक्रिंगला, सर्बियन लोक भरपूर. संध्याकाळी बागेत गेलं की हाकांचा गलका. त्यात एक हाक हमखास ऐकू येते: "वूऽऽचे!" आधी मला ते वेगळंच नाव वाटायचं. मग कळलं की वूकला हाक मारताना 'वूचे' होतं. हाक मारणारी आजी बाकावर, हातात सोललेलं सफरचंद, आणि हा चारेक वर्षांचा लांडगा घसरगुंडीच्या टोकावर बसून मागच्या पोरांची रांग अडवून ठेवलेला. शेवटी तिघा-चौघांनी मागून ढकलला तेव्हा आला खाली, भोकाड पसरत.

दुसरं सांगायचं ते वूक काराजिचबद्दल. अजून कुणी त्याचं नाव कसं काढलं नाही? सर्बियन भाषेला आजचं रूप देणारा हा माणूस आयुष्याचा मोठा काळ आमच्या व्हिएन्नात राहिला, बायको इथलीच, आना. १८६४ मध्ये वारला तोही इथेच आणि संक्ट मार्क्सच्या दफनभूमीत पुरला गेला. त्याच दफनभूमीत १७९१ मध्ये वोल्फगांग मोझार्टला पुरलं होतं. वोल्फगांगमध्येही लांडगाच दडलाय! म्हणजे एका आवारात दोन लांडगे. त्यातल्या वूकचे अवशेष १८९७ मध्ये बेलग्रेडला नेले.

शेवग्याची शेंग
मावशी, क्या बात! काराजिचबद्दल अजून लिहा ना. दहा दिनारच्या नोटेवर तोच आहे ना?

व्हिएन्नाकर मावशी
हो, तोच. झुबकेदार मिशांचा. एक पाय अधू, लाकडी कुबडीवर चालायचा. पण भाषेचं मला विचारू नका, दौत सांगतील. मी चकल्या करायला घेतल्यात.

दौत
मावशींनी चेंडू टोलवलाय तर घेतो.

वूक स्तेफानोविच काराजिच, जन्म १७८७, लोझ्नित्साजवळचं त्र्शिच हे खेडं. शेतकऱ्याचा मुलगा. त्या काळी सर्बियन लेखक लिहायचे ती भाषा चर्चची स्लाव्ह, रशियन आणि बोलीचं कडबोळं होती, शेतकऱ्याला त्यातलं निम्मं कळायचं नाही. वूकचं म्हणणं, जसं बोलता तसं लिहा. एका ध्वनीला एक अक्षर. जुनी निरुपयोगी अक्षरं त्यानं काढून टाकली, काही नवी घेतली. त्यातलं 'य'साठीचं अक्षर लॅटिन लिपीतून घेतलं म्हणून धर्मपीठ खवळलं, हा माणूस आपल्याला कॅथलिक करायला निघालाय म्हणून बोंब झाली. १८१८ मध्ये त्याचा शब्दकोश आला, सर्बियन शब्दांना जर्मन आणि लॅटिन अर्थ. त्यात त्यानं गावरान अचकट-विचकट शब्दही जसेच्या तसे दिले, त्यामुळे सभ्य मंडळींना आणखी एक निमित्त मिळालं. त्याचं लेखन सर्बियात अधिकृतपणे स्वीकारलं गेलं १८६८ मध्ये, तो गेल्यावर चार वर्षांनी.

आता मूळ प्रश्नाशी संबंधित भाग. या शब्दकोशात त्यानं स्वतःच्या नावाची गोष्ट लिहिलीय. एखाद्या बाईची मुलं जगत नसली की ती मुलाचं नाव वूक ठेवते, कारण मुलं चेटकिणी खातात आणि लांडग्यावर चाल करून यायची त्यांची छाती नसते, असा समज. मलाही हे नाव म्हणूनच ठेवलं, असं तो कंसात सांगून मोकळा होतो. त्याच्या आधीची भावंडं गेली होती.

आता हा भाग विसरू नका, की कोसोवोची ती लोकगीतं गोळा करून छापणारा हाच. वूक ब्रांकोविचला कुळासकट शाप देणारी ओळ एका वूकनंच शाईत उतरवली.

हरभऱ्याचं झाड
हे भारीच. संपादकानं स्वतःच्या नावाला शिव्या छापल्या आणि काही काटछाट केली नाही!

रानजाई
दौत यांचा शब्दकोशाचा तपशील वाचून थेट घर आठवलं. आमच्या पणजोबांचं नाव केरबा. त्यांच्या आधीची भावंडं गेली, म्हणून हे जन्मल्यावर सुईणीनं त्यांना केराच्या ढिगावर ठेवलं आणि परत उचललं. टाकलेलं पोर, देवाला कशाला हवं? धोंडू, दगडू, भिकू, उकिरडा, ही सगळी त्याच घराण्यातली नावं. मुलाचं नाक टोचून नथू ठेवायचे तेही त्यातलंच.

पण फरक बघा. आपण पोराला कवडीमोल ठरवून मृत्यूच्या नजरेतून लपवतो. सर्ब त्याला दात देतात. म्हणजे सर्बियन बाळंतिणीच्या घरी पूर्वी चक्क दवंडी पिटायचे, की लांडगीनं लांडगा जन्माला घातलाय, ऐका हो सगळे, जगाला कळू दे आणि पोराला आयुष्य लाभू दे. दडवणं नाहीच, उलट गाजावाजा.

साशंक
नकोशी हे नावही यातच धरायचं का? साताऱ्यात २०११ मध्ये नकोशा मुलींची नावं बदलण्याचा कार्यक्रम झाला होता.

रानजाई
अजिबात नाही. धोंडू म्हणणाऱ्या आईला पोर हवं असतं, म्हणून ती खोटं बोलते. नकोशी म्हणणारे खरं बोलत असतात. दोन्ही एका माळेत ओवू नका, मला राग येतो.

साशंक
ओके ओके. शंका होती, भांडण नव्हे.

दौत
रानजाई, सहमत. सर्बियातही दोन्ही प्रकार आहेत. मुलं जगावीत म्हणून झिवको, झिवोयिन (जगणारा), स्तानोये (थांब, राहा), प्रोदान (विकलेला, म्हणजे पोर दुसऱ्याला विकल्याचं नाटक करायचं). आणि मुलीच मुली झाल्या की पुढच्या मुलीला स्ताना, म्हणजे 'आता थांबा'. एकाच धातूतून एक प्रेमाचं नाव आणि एक वैतागाचं.

भैयासाहेब नागपूरवाले
प्रोदान म्हणजे आपला बेचन की! आमच्याकडे यूपीहून आलेले बेचनकाका होते. फुटाणे विकायचे बा, आयुष्यभर विकतच राहिले.

ठोकळा
हसून हसून पुरेवाट.

उंडगा
अवांतर: १९८४ च्या सारायेवो हिवाळी ऑलिंपिकचं शुभंकर आठवतं का कुणाला? गळ्यात मफलर घातलेला लांडगा, वूचको. म्हणजे छोटा वूक. टीव्हीवर तेव्हा पाहिलाय की नंतर चित्रात, देव जाणे, पण चेहरा डोळ्यांसमोर आहे.

सर्बियाचे राष्ट्राध्यक्ष वुचिच, ते आडनावही यातलंच. वुकोविच, वुचकोविच, वुयिच, वुकाशिनोविच... फुटबॉलच्या संघाची यादी वाचली की जंगल सफारी.

टेनिसवेडा
राष्ट्राध्यक्षांवर बोलायचं का मग?

संपादक मंडळ
नको. राजकारणासाठी वेगळा विभाग आहे. इथे नावापुरतं राहावं.

ओसरी
धागा आत्ता बघितला. संस्कृतमध्ये लांडग्याला वृक. भीमाचं वृकोदर हे नाव आठवा, लांडग्याच्या पोटाचा. रशियन वोल्क, लिथुआनियन विल्कास, सर्बियन वूक, सगळे त्याच मुळातले. म्हणजे वूक आणि आपला भीम लांबचे नातलग.

फक्त एक कळत नाही. युरोपात सगळीकडे शेळ्यामेंढ्यांवर जगणारे लोक लांडग्याला शिव्या घालतात, लहान मुलांना त्याच्या गोष्टी सांगून घाबरवतात. सर्ब एवढे प्रेमात कसे?

रानजाई
प्रेम नाही, वचक. जुन्या सर्बियन खेड्यांत नोव्हेंबरमध्ये संत मार्टिनच्या आसपास 'लांडग्यांचे दिवस' पाळायचे. बायका लोकर पिंजत नसत, कातत नसत, नाहीतर लांडगा कळपावर येतो म्हणून. लोककथांमध्ये संत सावा लांडग्यांचा धनी असतो, कुणी काय खायचं ते तो वाटून देतो. लांडगा मारला तर दाल्मातियाच्या बाजूला त्याचं पेंढा भरलेलं कातडं घेऊन दारोदार फिरायचे, आणि घरटी अंडी, लोकर, पीठ असं काहीतरी द्यावंच लागायचं. आपल्याकडे वाघबारस करतात ना कोकणात आणि गोव्यात, वाघाला नैवेद्य ठेवून? धनगरांना वाघ्या, वाघजाई नवीन नाही. ज्याची भीती त्याच्याशीच सोयरीक.

गडकरी नव्हे
माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. शिवी नावाला लागली की आडनावाला?

दौत
आडनावाला! सर्बियन भाषेत घरभेद्याला 'ब्रांकोविच' म्हणतात, राजकारण्यांच्या भाषणांतही येतं. नुसतं 'वूक' म्हणून कुणी शिवी देत नाही. शिवाय गद्दारीच्या कथेच्याही आधी हे नाव रुजलेलं होतं. लाझारच्या दोनशे वर्षं आधीच्या नेमान्या घराण्यात थोरल्या राजपुत्राचं नाव वुकान. १३७१ मध्ये मारित्साच्या लढाईत तुर्कांशी लढून मेलेला राजा वुकाशिन. नाव सगळ्यांच्या मालकीचं होतं, एका माणसाच्या बदनामीनं ते संपणं शक्यच नव्हतं.

सगळ्यात मजेशीर भाग तर ब्रांकोविचच्या घरातच आहे. वूक ब्रांकोविचचा मुलगा जुराज, ज्यानं डॅन्यूबकाठी स्मेदेरेवोचा प्रचंड किल्ला बांधला. त्याचा मुलगा ग्रगुर, तुर्कांनी आंधळा केलेला. आणि ग्रगुरचा मुलगा पुन्हा वूक! १४८५ मध्ये वारला. हंगेरीचा राजा माथियास याच्या चाकरीत राहून यानं तुर्कांना सळो की पळो केलं. लोकगीतांत याचं नाव 'अग्निनागासारखा वूक', अंगावर लांडग्याच्या खुणा घेऊनच जन्मतो. म्हणजे जी गीतं पणजोबाच्या कुळाला शाप देतात, त्याच परंपरेत त्या कुळातला पणतू, तेही पणजोबाचंच नाव घेऊन, महानायक. गाणाऱ्यांना यात काही अडचण वाटली नाही.

शेवग्याची शेंग
हे मला हवं होतं. दौत, मनापासून आभार. शाप देऊन पुन्हा तेच नाव पाळण्यात, हिशेब साफ!

मात्र एक पटलं नाही. तुम्ही म्हणता शिवी आडनावाला लागली, पण पणतूही ब्रांकोविचच होता ना?

दौत
होता. त्यासाठी गीतांनी सोपी युक्ती केली, त्याचं आडनाव घेतलंच नाही. 'अग्निनाग' लावलं की काम झालं.

बालाघाटी
आमच्याकडेही पुढाऱ्यांचं असंच आहे. पक्ष बदलला की आडनाव सोडून 'भाऊ'.

संपादक मंडळ
बालाघाटी, वरची सूचना वाचावी.

ओट्यावरची
मी शिक्षिका आहे, म्हणून एक छोटी भर. तिकडे आठवीपर्यंत सगळ्या विषयांत पैकीच्या पैकी श्रेणी मिळवणाऱ्या मुलाला 'वूकची पदविका' देतात, आणि त्या मुलाला 'वुकोवात्स' म्हणतात. काराजिचच्या नावानं. आपल्याकडे हुशार पोराला स्कॉलर म्हणतो, तिकडे लांडग्याचा म्हणतात. सर्बियातल्या नोवी साद शहरात माझी भाची शिकते, तिच्या घरमालकिणीचा नातू वुकोवात्स झाला तेव्हा बाईंनी तो कागद चौकटीत घालून फ्रीजच्या वर लावला, आणि घरी येणारा प्रत्येक जण आधी तिथे उभा केला गेला. भाडं द्यायला आलेली भाचीसुद्धा.

साशंक
सगळा धागा वाचून झाला. शेवटची शंका, मारू नका. बाप्तिस्म्याला पाद्री संताचं नाव मागत नाही का? संत लांडगा असतो?

दौत
वूक नावाचा संत नाही. पण सर्बियन चर्च लोकनावांना अडवत नाही. मिलान, द्रागान, मिलोश ही नावं अशीच आलीत. शिवाय तिकडे माणसाच्या नावाचा दिवस साजरा करण्याऐवजी कुटुंबाच्या संताचा दिवस साजरा करतात. त्याला 'स्लावा' म्हणतात, बापाकडून मुलाकडे जातो, २०१४ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. बऱ्याच घरांचा संत निकोला, १९ डिसेंबरला. पोराचं नाव काहीही असो, देव घराण्याचा.

रानजाई
म्हणजे कुलदैवतच! नैवेद्य काय असतो?

व्हिएन्नाकर मावशी
उकडलेले गहू दळून, साखर आणि अक्रोड घालून. सोबत पाव, त्यावर पिठाची नक्षी. शेजारणीकडे खाल्लाय, आपल्या खिरीच्या वळणाचा लागतो. कृती हवी तर पाककृती विभागात टाकते, चकल्या झाल्या की.

ठोकळा
मावशी, चकल्यांचा फोटो आधी.